एकतीस मुलांचे अर्धे दार

मी एक जुने दार आहे, आणि तेही अर्धेच. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेन एवढीच माझी उंची. मित्रांनो, तुम्ही विचाराल, वरचा अर्धा भाग कुठे गेला? तो कधी नव्हताच. मला मुद्दाम असे बनवले होते.

आमच्या वस्तीत एक केंद्र आहे. बैठी इमारत, पत्र्याचे छप्पर, तीन खोल्या आणि समोर लांब बोळ. पहिल्या खोलीत संध्याकाळी मोठी माणसे लिहायला-वाचायला शिकतात. मधल्या खोलीत बायकांना रुग्णसेवेचे शिक्षण मिळते. सहा महिन्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा, आणि पास झाले की दवाखान्यात नोकरी. तिसऱ्या खोलीत पाळणाघर होते. या तिसऱ्या खोलीच्या बोळाकडच्या चौकटीत मी होते.

सुतारकाकांनी मला शाळेच्या दोन मोडक्या बाकांच्या फळ्यांपासून बनवले. माझ्या आतल्या अंगावर शाईचा एक डाग अजून आहे. काका रंधा मारता मारता म्हणाले होते, "वरून आईला पोर दिसलं पाहिजे आणि खालून पोराला निसटता येता कामा नये. झालं काम!" त्यांनी मला दोन बिजागऱ्या लावल्या. कडी बाहेरच्या बाजूने, जरा खाली बसवली, म्हणजे मोठ्या माणसाचा हात वरून पोचावा आणि लहानाचा पोचू नये.

पाळणाघर एक मावशी सांभाळत. त्यांना सगळे मावशीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. एकतीस मुले होती. कोण कुणाचे, कोणाला काय खाल्ले की पुरळ उठते, कोण झोपताना कुणाचा कान धरते, सगळे मावशींच्या डोक्यात. वही होती, पण तिच्यात त्या लिहीत नसत. "लिहायला हात मोकळा लागतो," त्या म्हणत, "आणि माझ्या हातात कायम कुणीतरी असतंच."

मावशींचा एकच नियम होता. मूल आत सोडले, कडी लावली, पाठ फिरवली, की आईने मागे वळून बघायचे नाही. "वळलीस तर ते तासभर रडेल. तू मुकाट्याने जा, मी आहे." बायका मन घट्ट करून सरळ चालत जात. चार पावलांवर त्यांचा वर्ग होता. ती चार पावले किती लांब असतात ते मी रोज पाहत होते.

मी तेथे नऊ वर्षे काम केले. माझ्या वरच्या कडेवर आयांची कोपरे टेकून टेकून ती गुळगुळीत झाली. खालच्या कडेवर दात येणाऱ्या मुलांनी चावून चावून खाचा पाडल्या. त्या खाचांचा मला अभिमान होता. एखाद्या दाराला आणखी कोणते बक्षीस मिळणार?

आता घाईताईंबद्दल सांगते. खरे नाव निराळे, पण कायम धापा टाकत येणार, म्हणून वर्गाने हे नाव ठेवले. त्यांची मुलगी दोन वर्षांची. फळ्याखालचे खडू खाते म्हणून तिचे नाव खडू पडले. खडूचे वडील कामासाठी दुसऱ्या गावी गेले, ते परत आलेच नाहीत. घाईताई पहाटे दोन घरची धुणीभांडी करत आणि दहाला वर्गात हजर राहत. वर्गाला शिकवणाऱ्या सिस्टर कुणाची उगाच स्तुती करत नसत. पण घाईताईंबद्दल म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताला रुग्ण घाबरत नाही." पलीकडच्या दवाखान्याने घाईताईंसाठी एक जागा राखून ठेवली होती. अट एकच, प्रमाणपत्र.

आणि मग तपासणीचे पत्र आले. मंगळवारी सकाळी दहा वाजता सरकारी खात्याचे साहेब केंद्र बघायला येणार होते.

मित्रांनो, पाहुणे येणार म्हटल्यावर तुमच्या घरी काय होते? पसारा खाटेखाली जातो, आणि दंगा करणाऱ्याला शेजारी खेळायला पाठवतात. इथेही तेच झाले. रविवारी सगळ्या बायका जमल्या. भिंती धुतल्या, चटया वाळवल्या. कोणीतरी रंगाचा डबा आणला. सांगतानाही मला कसेतरी होते, पण त्यांनी काचकागद घेऊन माझ्या खाचा घासून काढल्या आणि वर हिरवा रंग दिला. मी नव्यासारखे दिसू लागले.

"पोरांचं काय करायचं?" एकीने विचारले.

"माझा नातू पाहुण्यांना चावतो," एक आजी म्हणाल्या. "त्याला मंगळवारी आणणारच नाही."

"माझाही नको. साहेबांच्या पँटला नाक पुसायचा!"

सगळ्या हसल्या. हसता हसता ठरले की त्या दिवशी मुले घरीच ठेवायची. कोणी कामावर खाडा केला, कोणी मुले म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकली. मावशी म्हणाल्या, "दोन-तीन तरी असू देत गं. अगदीच रिकामं बरं दिसत नाही." म्हणून तीन ठेवली. एक कायम झोपणारे, एक नव्या सदऱ्यातले आणि खडू. खडूला ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

साहेब वेळेवर आले. माणूस सभ्य होता. बूट बाहेर काढून आत आला, चटईवर बसला, खडूला हात हलवून टाटा केला. माझ्यावरून बोट फिरवून म्हणाला, "फार स्वच्छ ठेवलंय हो." मावशींचा चेहरा फुलला. मग त्याने मुले मोजली. मोजायला काही वेळ लागला नाही.

"तीन?"

"तशी एकतीस आहेत साहेब."

"मग बाकीची कुठं आहेत?"

"घरी ठेवलीत. तुम्ही येणार म्हणून."

साहेबाने पेन थांबवले. "माझ्यासाठी घरी ठेवलीत? म्हणजे घरी ठेवता येतात."

"एक दिवस हो साहेब! एकच दिवस!"

"हजेरीची वही?"

मावशींनी वही दिली. पहिली चार पाने भरलेली होती, पुढची कोरी. साहेबाने ती परत दिली. आवाज न चढवता तो म्हणाला, "मावशी, मी जे डोळ्यांनी बघतो तेच लिहितो. नाहीतर मला कुणीही काहीही सांगेल."

त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण माझ्या अंगावर एकतीस मुलांच्या दातांची साक्ष होती, आणि ती आम्हीच आमच्या हातांनी घासून पुसून टाकली होती. मी नवे कोरे, हिरवेगार, मुके उभे होते.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. मुलांची संख्या अत्यल्प असल्याने पाळणाघर बंद. वर्ग चालू राहील. खोलीत जुनी कपाटे आणि कागद ठेवावेत. दोन माणसे आली, त्यांनी माझ्या बिजागऱ्या काढल्या आणि माझ्या जागी पूर्ण उंचीचे दार बसवून कुलूप लावले. मला बोळात भिंतीला टेकवून ठेवले. मावशी शेवटच्या दिवशी माझ्यापाशी थांबल्या, कडी दोनदा लावली, उघडली आणि गेल्या. दूरच्या एका खानावळीत त्यांना भांडी घासायचे काम मिळाले.

वर्ग चालू होता. पण चोवीस बायकांपैकी नऊच उरल्या. घाईताई त्यांतल्या एक. सोमवारी खडूला जाऊबाई सांभाळत, मंगळवारी शेजारीण, बुधवारी शेजारणीच्या आईच्या हातापाया पडावे लागे. "उद्याचं बघू," असे त्या रोज म्हणत, आणि रोजचा उद्या आदल्या दिवसापेक्षा कठीण निघे.

परीक्षेच्या दिवशी खडू नणंदेकडे राहणार होती. सकाळी निरोप आला की तिचेच मूल तापाने फणफणले आहे. दहाला पाच मिनिटे कमी असताना घाईताई खडूला कडेवर घेऊन बोळात आल्या. परीक्षेच्या खोलीत मुलांना मनाई होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, तर मी दिसले.

त्यांनी मला उचलले आणि भिंत आणि खोलीत न मावलेले लोखंडी कपाट यांच्या मधल्या कोपऱ्याच्या तोंडाशी टेकवून उभे केले. मागे खडूला बसवले, हातात चमचा आणि वाटी दिली. "इथंच बस हं माझी राणी. मी आलेच." मग त्यांनी पाठ फिरवली आणि मावशींच्या नियमाप्रमाणे न वळता आत गेल्या.

मित्रांनो, माझी त्या वेळची अवस्था कशी सांगू? मला बिजागऱ्या नव्हत्या. कडी होती, पण ती अडकवायला चौकट नव्हती. मी नुसते टेकलेले होते.

परीक्षेत रुग्ण म्हणून झोपायला केंद्राचे रखवालदार आजोबा असत. प्रत्येक तुकडीकडे ते न चुकता तक्रार करत. "हळू गं बाई, मी खरंच म्हातारा आहे!" घाईताईंना काम मिळाले होते रुग्णाला कुशीवर वळवण्याचे. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. पलंगाला कठडा नव्हता, म्हणून पूर्ण वळेपर्यंत हात काढायचा नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. वर्गाचे दार उघडे होते, मला सगळे दिसत होते, ऐकू येत होते.

इकडे खडू उभी राहिली. तिने माझी वरची कड दोन्ही हातांनी धरली, जशी ती पाळणाघरात रोज धरायची. तेव्हा मी हलत नसे. तिला वाटले, आजही हलणार नाही. तिने एक पाय वर टाकला.

मी घसरले. तिला घेऊन पडले, आणि तिची बोटे माझ्याखाली सापडली.

ती जी किंकाळी होती ती माझ्या लाकडात अजून आहे.

आत घाईताई वळल्या. दोन्ही हात सोडून धावत बाहेर आल्या. आजोबा अर्धवट कुशीवर होते, ते पलंगाच्या कडेवरून घरंगळले. परीक्षकांनी झेप घालून त्यांना धरले.

"मी पडलो नाही हो!" आजोबा आतून ओरडत होते. "मला काही झालं नाही! लिहू नका काही!"

परीक्षक बोळात आले. घाईताई जमिनीवर बसून खडूच्या बोटांवर फुंकर घालत होत्या. बोटे सुजली होती, मोडली नव्हती. त्यांनी वाकून ती बोटे पाहिली. मग म्हणाले, "बाई, रुग्णावरचा हात काढलात."

"हो."

"खरा रुग्ण असता तर?"

"पडला असता," घाईताई म्हणाल्या. "मला माहीत आहे साहेब. मला सगळं येतं."

सिस्टरांनी मान खाली घातली. घाईताई नापास झाल्या.

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे. दवाखान्याच्या मुख्य सिस्टरांनी तोवर जागा राखण्याचे कबूल केले, त्यानंतर नाही. पण परीक्षेला बसायला वर्गाची हजेरी भरावी लागते, आणि जाऊबाई, शेजारीण, नणंद, सगळ्यांची दारे आता एकेक करून लागली आहेत. पाळणाघर उघडले तरच घाईताई वर्गाला येऊ शकतील.

बायकांनी अर्ज केला. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला आले. पुन्हा तपासणी होईल, सकाळी दहा ते साडेदहा या वेळेत. तारीख आधी कळवली जाणार नाही.

म्हणून आता रोज दहाला मुलांना या बोळात आणतात. कुलूपबंद दारासमोर चटई टाकतात आणि साहेबांची वाट बघतात. मावशी खानावळीत उशिरा पोचून शिव्या खातात, पण येतात. यावेळी कोणी कुणाचे नाक पुसत नाही. चावणाऱ्या नातवाला आजी स्वतः घेऊन येतात आणि म्हणतात, "चाव बाबा, हवं त्याला चाव!"

पहिल्या दिवशी चौतीस मुले होती. दुसऱ्या आठवड्यात सव्वीस. पण रोज अर्धा तास कामावर उशीर कुणाला परवडतो? एकीला मालकिणीने काढून टाकले. एकीने मूल गावी पाठवले. मग सतरा झाली, मग अकरा. साहेब आले नाहीत. काल सहा होती.

आज तीन होती, मित्रांनो. एक झोपलेले, एक आजींचा नातू आणि खडू. साडेदहापर्यंत घाईताई बोळाच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. "आज नाही आले, बरं झालं," मावशी म्हणाल्या. घाईताई चटई गुंडाळू लागल्या. खडू माझ्यापाशी बसून माझी खालची कड चावत होती. हिरवा रंग उडून तिथे एक छोटी खाच पडली आहे. एका मुलाची साक्ष पुरणार नाही, हे मला कळते.

दाराला कुठे जाता येत नाही, कुणाला बोलावता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. माझी डागडुजी करा, मला रंग द्या, असे मी म्हणत नाही. कृपा करून रंग तर देऊच नका. तुमच्या घरात लहान भाऊ असेल, बहीण असेल, शेजारी एखादे रांगणारे बाळ असेल, तर उद्या दहाला त्याला इथे घेऊन या. अंघोळ नसली घातली तरी चालेल. रडत असेल तर रडत आणा. साहेब उद्या येतील की नाही ते मला माहीत नाही. पण आले, तर त्यांना मोजायला वेळ लागला पाहिजे.