चिंचेच्या माळावर डबी

सोनुबाईचे दोन्ही गुडघे आधी एकमेकांशी बोलेनासे झाले, मग सोनुबाईशी. निपाणीहून कोगनोळीकडं जाताना हमरस्त्याच्या वरच्या अंगाला जो दगडी माळ दिसतो, त्याच्या टकुऱ्यावर तिच्या चिंचा होत्या. तंबाखूच्या वखारीत आयुष्य चाळून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मायाप्पानं, तो माळ घेतला, तेव्हा गाव हसलं होतं. दगडं पेरणार का रं, म्हणून. मायाप्पा गेला. चिंचा मात्र दगडाला न जुमानता वाढल्या, आणि सोनुबाई आता खाली ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघायची, लांबच्या गावी दिलेल्या लेकींकडं बघावं तशी.

आता एका खडीवाल्याला तो माळ पाहिजे होता. थोरला प्रज्ञेश, बेळगावात वकील, द्यायच्या विचारात होता. लोभानं नव्हे. आई चोरून चढायला गेली होती आणि दोनदा पडली होती.

"आई, जिथं तुला जाता येत नाही ते ठेवून काय करायचं?"

"आन जाता आलं तर?"

"तर खडीवाल्याला मी स्वतः नाही म्हणून सांगतो."

"शबुद दे."

"दिला. पण अटी ऐक." वकील ताटावरच सरसावून बसला. "पाठुंगळी बाद. डोली बाद. खुर्चीत बसवून उचलणं बाद. माणसानं वाहून न्यायचं नाही. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत. सोमवारी तो कागद घेऊन येणार."

"जीप?"

"जीप वाटेवरच्या त्या दोन दरडींच्या मधनं जाईल होय? अडकून बसेल बुचासारखी."

धाकटी पारमिता बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ती इतका वेळ भाकरीचा पापुद्रा सोलत होती. ती सावकाश म्हणाली, "माझी डबी जाईल."

प्रज्ञेशला ठसका लागला. "ती? हिंडलग्याचा स्पीड ब्रेकर चढताना तिला दम लागायचा."

डबी म्हणजे बेंगळुरात तयार झालेली, दोन दारांची, विजेवरची चिमुकली मोटार. पारमितानं पहिल्या नोकरीत जुनी म्हणून घेतली आणि आणखी जुनी केली. बॅटरी मेल्यापासून ती हिंडलग्यात पारमिताच्या घराशेजारी उभी होती आणि मागच्या सीटवर मांजरी बाळंत व्हायच्या. पण अंगानं एवढी बारीक, की दरडींच्या मधनं गेली तर तीच जाणार होती.

डबी टेम्पोत चढून, काकती मागं टाकून, घाट उतरून मष्णूच्या शेडात आली. मष्णू माळाच्या पायथ्याला उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. त्यानं डबीभोवती एक फेरी मारली आणि बोनेटवर टिचकी मारून बघितलं.

"जयभीम आक्का. ही मोटार हाय का डब्बा शाळेचा?"

"माळावर न्यायची हाय, मष्णू," सोनुबाई म्हणाली.

"न्हेऊ की. टप काढू, दारं काढू, पुढचं सगळं काढू. हिला उघडी करतो बघ, पार आंघूळीला बसल्यासारखी."

मग ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या. छत गेलं, दारं गेली, पुढचं बोनेट गेलं. लोखंडी नळ्यांचा पिंजरा आला. मागं पॉवर टिलरची खाचांची चाकं बसली आणि डबी एकदम टाचा उंचावून उभी राहिली, जत्रेत लांबचं बघणाऱ्या पोरीसारखी. मोडीत निघालेल्या ई-रिक्षांच्या बॅटऱ्या पारमितानं निवडून आणल्या. मष्णूनं त्यांना मागं जाडजूड घर करून दिलं. एवढ्या मागं कशाला, असं तिच्या मनात येऊन गेलं, पण तारांच्या गुंत्यात ते राहून गेलं. मष्णूच्या हाताला एकच वळण होतं: वजन मागं, पुढं काय ते ट्रॅक्टर बघून घेईल.

सोनुबाई पाटावर बसून सगळं बघायची. ती बघत बसली की तिच्या तोंडून ओवी यायचीच. वखारीत चाळणीच्या तालावर लागलेली सवय.

"गाडीचा टप गेला, वारं बसलं शेजारी,
मष्णू माझा भाऊ, शिवी लोखंड दुपारी."

"शिवी म्हंजे मी शिव्या देतो म्हंतीस व्हय आक्का?"

"शिवतोस म्हंते रं बाबा. शिव्या तर देतोसच."

चालवायचं सोनुबाई खळ्यावर शिकली. क्लच नाही, गिअर नाही. एक पायडल पळायला, एक थांबायला. पहिल्या दिवशी डबी आवाज न करता निघाली आणि कोंबड्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्या शहाण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सोनुबाईनं डबक्यातनं गाडी घातली, मष्णूला नखशिखांत चिखलानं माखला, आणि पदरानं डोळे पुसत इतकी हसली की पारमिताला गाडी हातानं थांबवावी लागली.

"आई, ब्रेक."

"दाबला की गं."

"तो हसून झाल्यावर दाबलास."

रविवार उजाडला. माळावर गवत कमरेएवढं, आणि त्यात पिवळी सोनकी अशी फुललेली, जणू कुणी हळदीचं पोतं फोडलं. प्रज्ञेश इस्त्रीच्या शर्टात, बूट घालून आला. बेळगावच्या कोर्टानं आणि गोड कुंद्यानं त्याला चांगलाच भरीव केला होता. मष्णूनं चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं.

"ते पव्ह्यावर पीळ," सोनुबाई म्हणाली. "चाकाला आंबट कळतं व्हय?"

ती बसली. पारमितानं पट्टा आवळला आणि शेजारी बसली. प्रज्ञेश आणि मष्णू पुढं चालू लागले. डबीनं गुं करून सूर लावला आणि गवतात शिरली. पहिला चढ ती नाचत चढली. दगड आला की एक चाक वर, मग दुसरं. सोनुबाई उजवीकडं कलायची, डावीकडं कलायची, आणि दर धक्क्याला एक "अगं बया" सांडायची. दोन दरडींमधनं गाडी गेली तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक तळहात जागा उरली. मष्णूनं त्या फटीला हात जोडले.

पुढं मात्र शेवटचा चढ होता, भिंतीसारखा. डबी अर्ध्यावर गेली आणि पुढची चाकं अलगद जमिनीवरनं उठली. सोनुबाईला समोर नुसतं आभाळ दिसलं.

"पारमे, उलाळ झाली गं."

बैलगाडीत वजन मागं पडलं की जू वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मष्णूनं कपाळावर हात मारला. "आरं द्येवा. म्या ट्रॉली केली. पुढं ट्रॅक्टर हायच न्हाय."

स्टिअरिंग फिरत होतं, गाडी वळत नव्हती. चाकं आणखी वीतभर वर गेली. पारमितानं थांबायचं पायडल हातानं दाबून धरलं, पण डबी मागं कलंडायला बघत होती.

प्रज्ञेशनं अटींचा विचार केला नाही. त्यानं पळत येऊन डबीच्या पुढच्या नळीवर उडी टाकली, पोटावर, इस्त्रीच्या शर्टासकट. सगळा वकील पुढं पडला तशी चाकं धप्पकन जमिनीला टेकली.

"आता उतरतो," तो धापा टाकत म्हणाला.

"उतरलास की ती परत उठंल," सोनुबाई म्हणाली. "बस गप."

"आई, मी तुझ्या विरुद्ध आहे."

"आस की. बसून आस."

आणि तिनं पायडल दाबलं. प्रज्ञेश उलटा वळून नळीवर घोडा करून बसला, आईकडं तोंड करून, दोन्ही हातांनी पिंजरा धरून. गाडी सरळ भिंत चढायला लागली. त्याला दिसत होतं ते फक्त आईचं तोंड: दात आवळलेले, पदर उडालेला, डोळे लहान पोरीचे. तिच्या पाठीमागं निपाणी, हमरस्ता, नाक्यावर मुंगीसारखे ट्रक, सगळं खाली खाली जात होतं. प्रत्येक दगडाला तो टाणकन उडत होता, आणि त्याला हसू कधी फुटलं ते कळलंच नाही. मग पारमिताला फुटलं. मष्णू मागनं गवत धरत चढत होता, तोही हसत होता. सोनुबाईनं त्यातच सूर धरला.

"वकील माझा ल्येक, कोर्टाची सारी ऐट,
माझ्या गं गाडीवर, बसला धान्याचं पोतं थेट."

चिंचांच्या सावलीत डबी थांबली. प्रज्ञेशला आधी कायदा सुचला, कारण ते त्याचं कामच होतं.

"माणसानं वाहून न्यायचं नाही, अशी अट होती," तो शर्टावरचं ग्रीस बघत म्हणाला.

"खरं हाय," मष्णू म्हणाला. "मग वकीलसाहेब, तुमी गाडीला वाह्यलं का गाडीनं तुमाला?"

पारमितानं आईचा पट्टा सोडला. सोनुबाई उतरली, गाडीचा पिंजरा धरत, मग बुंधा धरत. बुंध्याला गाल लावून ती जरा वेळ उभी राहिली. मग हाताशी आलेली हिरवी चिंच मोडून चावली आणि तिचा अख्खा चेहरा मिटला.

प्रज्ञेश एका दगडावर चढून फोन लावत होता. इथं फोनला कळत नव्हतं आपण कर्नाटकात का महाराष्ट्रात. दर मिनिटाला तो राज्य बदलायचा. शेवटी लागला.

"सोमवारी येऊ नका," तो खडीवाल्याला म्हणाला. "नाही, भाव वाढवू नका. माळ द्यायचा नाही... माझा शब्द गेलाय."

सावल्या लांबल्या तशी उतरायची वेळ झाली. सोनुबाई गाडीत बसली. प्रज्ञेश पुढं गेला आणि नळीवर टांग टाकली.

"दादा, उताराला पुढं वजन लागत नाही," पारमिता म्हणाली.

"माहितेय," तो म्हणाला, आणि नळी घट्ट धरली.