पायाळू मयुरा आणि मैदानातला निंब

सासूबाई उमरेडकडच्या शेतात वाढल्या. विजेच्या बाबतीत त्यांचे शब्द ठरलेले. लांबवर नुसतीच उजळली, आवाज नाही, तर ती लवली. ढगातल्या ढगात धावली, तर चमकली. उजेडामागोमाग आवाज आला, तर कडाडली. मग बाहेर थांबायचं नाही. मी एम.एस्सी. झालेली, मोबाइलवर हवामानाचे इशारे दिवसातून दहादा बघणारी. तरी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, मयुराला, मी हेच शब्द शिकवले. धावत्या पोरीला ते पटकन आठवतात.

मयुरा पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, आणि सासूबाईंनी काळजीपोटी हे अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी हुडकेश्वरच्या मैदानावर मुलींचा खो-खो चालू होता. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. दक्षिणेकडे लवली, मग डोक्यावर चमकली. मी चपला अडकवून निघाले, सासूबाई मागोमाग.

सगळ्या मुली निंबाखाली दाटीवाटीनं उभ्या होत्या. मयुरा एकटी, मैदानाच्या मधोमध.

"तिकडे काहून उभी आहेस गं?" मी ओरडून विचारलं.

"सुमतीकाकू म्हणाल्या, तू पायाळू आहेस, दूर राह्य."

सुमतीताई, मयुरासोबत खेळणाऱ्या श्वेताची आई, झाडाखालीच होत्या. "राग नका मानू, मिनल. पण बाकीच्या पोरीयले काहून धोका? तुमच्या सासूबाईच तं सांगत होत्या."

सासूबाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात कडाडली. मी मोजलं: उजेड आणि आवाजात चार सेकंद. म्हणजे दीड किलोमीटरसुद्धा नाही.

मयुराचा हात धरून मी ओरडले, "हा निंब पायाळू आहे का, सुमतीताई? इथं सगळ्यात उंच तोच आहे. पडली तर आधी त्याच्यावर पडेल. सगळ्या समाजभवनात चला!"

मुली हलेनात. त्या सासूबाईंकडे बघत होत्या. विजेचं त्यांनाच कळतं ना.

सासूबाईंनी पदर खोचला. "आयकून नाही राहिल्या का वं? आमच्या गावचे दोन बैल झाडाखालीच गेले. ते काही पायाळू नव्हते. पया!"

पोरी सुसाट सुटल्या. समाजभवनाच्या पक्क्या खोलीत मी डोकी मोजली: अकराच्या अकरा. मगच श्वास सोडला.

सुमतीताई दारातच अवघडून उभ्या होत्या. बाहेर पुन्हा कडाडली, आता दोनच सेकंद.

"आत ये वं सुमती," सासूबाई म्हणाल्या, "पायाळूच्या बाजूले जागा हाय."