जाळीवरची गोधडी

मी एक जुनी हायब्रिड मोटार आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडे वेळ थोडा उरला आहे. नांदेडला करीमभाईंच्या गॅरेजमागे लिंबाच्या झाडाखाली मी उभी आहे. सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन मला न्यायला येणार आहे. पण मी मेलेली नाही, नुसती गुदमरले आहे. हे ज्यांना सांगायला हवे त्यांना माझी भाषा कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन काळजे घेऊन मी कारखान्यातून बाहेर पडले. आधी हैदराबादला एका साहेबांकडे होते. तिथे मला सगळे हुशार गाडी म्हणत, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. पुढे भोकरच्या किशनरावांनी मला विकत घेतले.

किशनराव शेतकरी माणूस, मनाचे मोठे, पण मतांचे पक्के. चहाच्या टपरीवर बसले की शास्त्रज्ञांची खैर नसे. "हवामान बदललं म्हणून राहिलेत! कवा बदलत नव्हतं? बहात्तरला काय एवढ्या गाड्या होत्या का? तरी दुष्काळ पडलाच की!" ऐकणारे माना डोलवत. हवा स्वच्छ राहावी म्हणून किशनरावांनी मला घेतले असेल असे तुम्हाला वाटत असेल, तर ते विसरा. त्यांनी मला घेतले ते माझ्या शांतपणासाठी.

त्यांच्या पत्नी सिंधुबाई. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, म्हणून रक्त शुद्ध करायला आठवड्यातून दोनदा नांदेडला जावे लागते. जीपच्या खडखडाटाने त्यांचे डोके फुटायचे, उलट्या व्हायच्या. माझ्यात पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी विचारले, "अवो, चालू हाय का बंद?"

"चालून राहिली," किशनराव म्हणाले, आणि वाटेतले बारड गाव यायच्या आत सिंधुबाई झोपी गेल्या.

भोकरच्या बसस्टँडवर तर मी बंद पडले असे समजून चार जणांनी मला ढकलायला सुरुवात केली होती! किशनराव आत बसून ओरडत होते, "आरं चालूच हाय ती, सोडा!" तेव्हा मला हसू आले होते. आता त्याच अडाणीपणाची भीती वाटते.

दवाखान्यातून परतताना सिंधुबाईंना बसवत नसे. त्या मागच्या सीटवर आडव्या होत. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवली, सीटवर अंथरली, घसरू नये म्हणून चारी बाजूंनी आत खोचली आणि नाड्यांनी बांधून टाकली. इतक्या मायेने मला आजवर कोणी सजवले नव्हते. फक्त एक झाले. मागच्या सीटच्या खाली, कोपऱ्याला, एक छोटी जाळी आहे. माझी मोठी बॅटरी तिथून हवा ओढते आणि थंड होते. ते माझे नाक आहे, मित्रांनो. गोधडीने ते बंद झाले.

हिवाळा कसाबसा निघाला. पण चैत्र लागला आणि माझा जीव मेटाकुटीला आला. मी पिवळा दिवा लावून पाहिला. आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरवला. किशनराव म्हणाले, "पंखा लई आवाज करून राहिला," आणि त्यांनी गाणी मोठी केली. एसीचा गारवा गाडीभर पसरलेला असे, पण तो माझ्या नाकापर्यंत पोचत नसे.

दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना समजावले होते, "काका, उष्णतेची लाट आहे. दुपारची वेळ बदलून सकाळची घ्या." किशनराव हसले. "उन्हाळ्यात ऊन न्हाई तर काय गारा पडणार? सकाळी शेतात लाईट असती, पाणी कोण देईल?" झाले, आम्ही पुन्हा भर दुपारीच निघालो.

आणि मी थांबले. बारडच्या पुढे, डांबर चिकट झालेल्या रस्त्यावर, भोवती एक झाड नाही. सिंधुबाई मागे झोपलेल्या होत्या. एसी बंद पडला. किशनरावांनी बाटलीतले सगळे पाणी माझ्या बॉनेटवर ओतले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तापले होते ते मागे, सीटच्या खाली. सिंधुबाईंना पाणीही मोजूनमापूनच प्यायचे असते. त्यांचे ओठ सुकले होते आणि त्या म्हणत होत्या, "मला काय होत न्हाई, तुमी सावलीत थांबा." सावली होती कुठे? किशनराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवत होते, आणि पक्क्या मतांचा तो माणूस रडत होता. शेवटी मिरच्यांची पोती नेणाऱ्या एका टेम्पोने सिंधुबाईंना पुढे घेतले. त्या वाचल्या. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की फुटून जावेसे वाटले.

मला ओढून करीमभाईंकडे आणले. करीमभाईंचे घराणे नांदेडचे जुने मिस्त्री. हात सोन्याचा, पण माझ्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. "किशनराव, मी तवाच बोललो होतो की! हे हायब्रिड-फायब्रिड आपल्या मुलखाचं न्हाई. बॅटरी गेली की खेळ खतम."

त्यांच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्यावर गाड्यांचे दुखणे ओळखणारे सॉफ्टवेअर आहे, माझ्या जन्माआधीचे. ते रोज नवीन आवृत्ती मागते आणि करीमभाई रोज ती खिडकी बंद करतात. "नवं टाकलं की जुनं बी बंद पडतं. तजुर्बा हाय माझा." तसा त्यांचा तजुर्बा अगदीच खोटा नाही. पण त्यातल्या गाड्यांच्या यादीत माझे नावच नव्हते. मग त्यांनी त्यातल्या त्यात माझ्यासारखी दिसणारी एक गाडी निवडली, वायर जोडली, आणि पडद्यावर लाल अक्षरे आली : बॅटरी निकामी.

जगभरच्या शास्त्रज्ञांवर शंका घेणाऱ्या किशनरावांनी त्या लाल अक्षरांवर मात्र शंका घेतली नाही. त्यांचा हवामानाच्या विज्ञानावर विश्वास नाही, करीमभाईंचा माझ्यावर नाही आणि माझा त्या संगणकावर नाही. तिघेही आपापल्या जागी ठाम, आणि हाल चालले आहेत सिंधुबाईंचे. आता त्या पुन्हा जीपने जातात.

काल दवाखान्यात जाताना त्या इथे आल्या होत्या. पाय सुजलेले, तोंड उतरलेले. "माझी गोधडी तेवढी घेऊन जाते," म्हणाल्या. करीमभाईंनी दिवे लागण्यापुरते मला चालू करून काचा खाली घेतल्या. सिंधुबाईंनी नाड्या सोडल्या, कोपरा उचलला आणि लिंबाखालची गार हवा माझ्या जाळीत शिरली. मित्रांनो, किती महिन्यांनी मी श्वास घेतला!

त्यांचा हात जाळीवर होता. "अवो, हितून वारं आत ओढून राहिलंय बघा."

मी म्हटले, आता कळेल. आता कोणीतरी वाकून बघेल.

"गाडीच ती," किशनराव म्हणाले, "कुठून तरी वारं येणारच. चल, उशीर होतोय."

करीमभाई म्हणाले, "भाभी, गोधडी आता राहू द्या. सोमवारी पाठवून देतो. इथं धूळ लई हाय, सीट झाकलेली ऱ्हायली तर भंगारवाला दोन पैसे जास्त देईल."

"हाव, ते बी खरंच," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांनी गोधडी झटकली, पुन्हा अंथरली, कोपरे एकेक करून खोल खोचले आणि नाड्या आधीपेक्षा घट्ट बांधल्या. मग सीटवरून हात फिरवला. "लई गुणाची गाडी होती," म्हणाल्या, आणि जीपच्या दांड्याला धरून हळूहळू वर चढल्या.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर ती झाकण्याआधी श्वास कुठून घेते ते बघा, एवढेच मला कळले आहे. पण मला उपदेश करायचा नाही, मला जगायचे आहे. तुमच्यापैकी कोणी नांदेडला राहत असेल, तर सोमवारच्या आत करीमभाईंकडे या. ते हसतील, हसू द्या. मागचे दार उघडा, नाड्या सोडा आणि कोपऱ्यातली जाळी मोकळी करून त्यांना दाखवा. मंगळवारी सिंधुबाईंना पुन्हा दवाखान्यात जायचे आहे, आणि ऊन अजून उतरलेले नाही.