यादीतली चौदावी वस्तू

थोरल्याला या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी बघून घेऊ. चर्चच्या कारभारी मंडळात एक जागा रिकामी झाली होती. ती मिळाली की प्रभुभोजनाची ताटली त्याच्या हातून फिरणार, साखरपुड्यात प्रार्थना करायला त्याला सांगणार, आणि नळाच्या तोट्या विकण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणणार. अट एकच होती. कारभाऱ्याचं घर शुद्ध हवं, देवाला न रुचणारी वस्तू घरात नको.

ते तपासायला यादीबाई यायच्या. बाईंचं खरं नाव चर्चच्या पाळकसाहेबांनाही चटकन आठवत नसे. त्यांच्याकडे टाइप केलेली चार पानी यादी होती: मुखवटे, गंडेदोरे, पत्ते, राशिभविष्याची पुस्तकं आणि असंच बरंच काही. वस्तू विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, कारण पीडा वस्तूबरोबर पुढच्या घरी जाते. ज्याची वस्तू त्यानंच आपल्या हातानं ती मोडायची.

मंगळवारी संध्याकाळी बाई आल्या, पाठोपाठ पाळकसाहेब. बैठकीतला लाकडी मुखवटा गेला, पत्त्यांचा जोड गेला. वहिनीनं स्वप्नांचे अर्थ सांगणारं पुस्तक गादीखालून स्वतःच काढून दिलं आणि वर रडूनही घेतलं. गेले कित्येक महिने तिला धड झोप नव्हती.

“टीव्ही?” थोरल्यानं भीत भीत विचारलं.

“टीव्हीचं काय करायचं, यावर अजून प्रार्थना चालू आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या घरचा बराच मोठा होता.

मग मागची खोली. तिथं थोरल्याची धाकटी बहीण राहायची. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांची नावं लिहून घ्यायची आणि रविवारी चर्चच्या शाळेत चिल्ल्यापिल्ल्यांचा वर्ग घ्यायची. लग्न केलं नव्हतं. त्या बावीस पोरांना ती आपलीच म्हणायची, आणि तीही तिला घरच्यासारखीच छळायची.

तिच्या कपाटात एक लाकडी पेटी होती. बाईंनी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. कापसात सात डोळे ओळीनं मांडलेले होते, तपकिरी, पांढऱ्यावर केसाएवढ्या लाल शिरा. सातही बाईंकडेच बघत होते.

“चौदा नंबर,” बाई यादीवर बोट ठेवून म्हणाल्या. “डोळ्याच्या आकाराची कुठलीही वस्तू.”

चौदा नंबर होता दारावर टांगायच्या निळ्या मण्यांसाठी, नजर लागू नये म्हणून लोक लावतात त्यांच्यासाठी. पण यादीत तसं लिहिलेलं नव्हतं, आणि यादीत नसलेलं बाई वाचत नसत.

“अहो, हे माझे आहेत. घालायचे!” धाकटी म्हणाली. “डावा काचेचा आहे माझा. बाबा हेच काम करायचे ना. काच दोन वर्षांत खरखरीत होते, पापणी सोलवटते, मग बदलावा लागतो. छातीचं दुखणं कळल्यावर त्यांनी बारा एकदम करून ठेवले. म्हणाले, मी गेल्यावर तुझ्या मापाचा कोण करणार? हे उरलेले.”

पाळकसाहेब खाकरले. “तसं बघितलं तर ही औषधाचीच वस्तू झाली...”

“साहेब, या घरातली बाई झोपत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि भिंतीपलीकडे सात डोळे उघडे! तुम्हीच सांगा.”

“मला वाटायचंच कुणीतरी बघतंय,” वहिनी हुंदका देत म्हणाली.

“मग हा घातलेला पण काढू का, बाई?” धाकटीनं विचारलं. “बाबांच्याच हातचा आहे.”

बाईंनी यादी उलटून पाहिली. अंगातल्या वस्तूंचं पान नव्हतं.

“एक तरी राहू दे, दादा. एकच.”

“एक कोपरा सैतानाला सोडला की घर त्याचं,” बाई परस्पर बोलल्या.

थोरला पेटीकडे न बघता म्हणाला, “मी नवीन आणून देईन गं तुला. आजकाल दुकानात तयार मिळतात.”

“दादा, ही पेटी तुला का बोचते ते मला ठाऊक आहे. यादीचं नाव कशाला घेतोस?”

नऊ वर्षांच्या बहिणीवर पेरूच्या झाडाखाली गलोल कुणी रोखली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षांत कुणी तो विषय काढला नव्हता. तिनंही नाही.

“तुमच्या मनावर आहे, ताई,” पाळकसाहेब हळूच म्हणाले. “फक्त... रविवारी भावाचं नाव वाचायचं, की थांबवायचं?”

सज्जन माणूस. ओझं कधी स्वतः उचलत नसे, ज्याच्या खांद्यावर ठेवायचं त्याला आधी विचारत असे.

धाकटीनं पेटी अंगणात नेली. एकेक डोळा जुन्या टॉवेलात गुंडाळला, फरशीवर ठेवला आणि हातोडी उचलली. “लांब उभे राहा. काच उडते.” सगळ्यात आधी थोरला मागे सरला.

रविवारी त्याचं नाव वाचलं गेलं.

सव्वा वर्षानं तिच्या डोळ्यातली काच खरखरीत झाली. थोरल्यानं शब्द पाळला, दुकानातून तयार डोळा आणला. तो जरा मोठा होता. रंग जवळपास जुळत होता, पण पापणी पुरती मिटत नसे आणि दुसरा डोळा वळला तरी तो समोरच बघत राही. वर्गातल्या धिटुकल्या पोरानं विचारलं, “टीचर, हा कुणाचा आहे?” ती हसली. पण वर्गातल्या दोन लहान मुली रडल्या आणि त्यांच्या आया बाईंकडे गेल्या. बाईंनी कारभारी मंडळात सुचवलं, ताईंना जरा विश्रांती द्यावी. ठराव बिनविरोध झाला. हात वर करणाऱ्यांत थोरला होता. कारभाऱ्यानं घरच्यांची बाजू घेऊ नये म्हणतात.

आता हिशेब. बाईंना चारचौघांत सांगायला देवाच्या करणीची साक्ष मिळाली. सात डोळ्यांची ही गोष्ट त्यांनी आजवर चार चर्चच्या मंडळ्यांत सांगितली आहे, आणि तिसऱ्या मंडळीत डोळे नऊ झाले होते. पाळकसाहेबांना शब्दाबाहेर न जाणारा कारभारी मिळाला. वहिनीला झोप मिळाली, डॉक्टरनं गोळी बदलून दिली तेव्हापासून. थोरल्याला लोक साहेब म्हणतात. धाकटी शेवटच्या बाकावर बसते. सगळ्यांच्या वाट्याचं तिनं एकटीनं भरलं: बाबांच्या हातचे सात डोळे आणि बावीस पोरं.