मापाची बाहुली विकायला नाही

मी विकायला नाही. मित्रांनो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. रायपूरच्या हस्तकला मेळाव्यात एका टेबलावर मी उभी असते. माझ्यासमोर बाहुल्यांचे कपडे मांडलेले असतात: फ्रॉक, घागरे, शाळेचे गणवेश, बोटभर स्वेटर. इथे फक्त बाहुलीचे कपडे मिळतात, असं टेबलाच्या पाटीवर ठळक हिंदीत लिहिलेलं आहे. तरी येणारा प्रत्येक माणूस मला डोक्याला धरून उचलतो आणि विचारतो, "ये गुड़िया कितने की है?"

मी एक जुनी, मापाची बाहुली आहे. आमच्या मंजिरीबाई माझ्यावरून माप घेतात आणि त्या मापाने कपडे शिवतात. शिवलेला प्रत्येक कपडा आधी मला घालून बघतात. मेळाव्याच्या दिवशी तर माझे चाळीस वेळा कपडे बदलतात. कुणी माझे हात मागे पिरगाळतं. अस्तर लावलंय की नाही हे बघायला कुणी भर गर्दीत माझा घागरा उचलतं. लहान मुलं केस ओढतात. या सगळ्याची मला सवय झाली आहे. पण एका गोष्टीने मला तीन वर्षं छळलं. ती मला दिसत होती, कळत होती, आणि तोंड शिवलेलं असल्यामुळे सांगता येत नव्हती. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझं डोकं माझ्या धडापेक्षा वीस वर्षांनी मोठं आहे. मंजिरीबाईंची मुलगी अनुश्री लहान असताना तिची बाहुली गल्लीतल्या कुत्र्याने पळवली. परत मिळालं ते फक्त डोकं. ते पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी शिलाई मशीनच्या खणात बटणांबरोबर पडून राहिलं. अनुश्री मोठी झाली, नोकरीला लागली. मंजिरीबाई मात्र पंचवीस वर्षं पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे ब्लाउज शिवत राहिल्या. मग त्यांचे गुडघे दुखू लागले. पायाची मशीन चालवणं जमेना. त्यांनी हाताची छोटी मशीन घेतली आणि ठरवलं की आता बाहुल्यांचे कपडे शिवायचे.

त्यासाठी माप हवं होतं. दुकानातली प्लास्टिकची बाहुली टाचणी टोचून घेत नाही. म्हणून त्यांनी खणातलं डोकं काढलं, शेजारच्या मुलीची दुकानातली बाहुली दोन दिवसांसाठी मागून आणली, तिचं टेपने नीट माप घेतलं आणि त्याच मापाचं माझं कापडी धड शिवलं. कापड घेतलं ते दिवाकररावांच्या जुन्या बनियनचं. दिवाकरराव म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. आत कापूस भरला. मी तयार झाले तेव्हा छान सडपातळ होते, हे मुद्दाम सांगते.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मंजिरीबाई पंडरीच्या कापड बाजारातून तुकडे आणत आणि त्यातून असे फ्रॉक काढत की बघणाऱ्याने बघत राहावं. काजं बारीक, चुण्या एकसारख्या. प्रत्येक कपड्याच्या घेराच्या आत लाल दोऱ्याची एक गाठ मारायची, ही त्यांची खूण. बूढापाऱ्यातल्या मेळाव्यात पहिल्याच दिवशी टेबल निम्मं रिकामं झालं. मंजिरीबाईंनी पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवले, पण त्यांचं नाव कधी कुठे लागलं नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी ती पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि जेवताना तिच्याकडेच बघत बसल्या.

मग हिवाळा आला आणि माझं दुर्दैव सुरू झालं. दर हिवाळ्याआधी रजई भरून देणारा दारी येतो. जुनी रजई उसवून, कापूस पिंजून, नवा घालून देतो. मूठभर कापूस नेहमी उरतो. मंजिरीबाईंनी त्या मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वर्षभर टाचण्या खाऊन मी जरा मऊ पडले होते. त्या म्हणाल्या, "वाळली बिचारी." आणि माझी पाठ उसवून तो कापूस त्यांनी मायेने माझ्यात कोंबला.

मित्रांनो, बनियनचं कापड किती ताणलं जातं हे तुम्हाला ठाऊक असेल.

पुढच्या हिवाळ्यात आणखी एक मूठ. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी एक. मंजिरीबाई मूळच्या विदर्भातल्या; तिकडच्या घरात पाहुण्याला जसं "घ्या अजून थोडं" म्हणून ताटात वाढतच जातात, तसं माझं झालं. मला नको म्हणता येत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मंजिरीबाई पडल्या अतिशय काटेकोर. कागदाचा साचा वापरून वापरून कडांना झिजतो आणि कपडा चुकतो, असं त्यांचं मत. म्हणून त्या दर वर्षी जुने साचे फाडून टाकत आणि माझ्यावरून नवे काढत. निष्काळजी बाई असती तर पहिल्या वर्षीचेच साचे अजून वापरत राहिली असती आणि सगळं ठीक झालं असतं.

दुसऱ्या वर्षी एक बाई फ्रॉक परत घेऊन आली. ढिला होतो म्हणाली. मंजिरीबाईंनी तो शांतपणे मला घातला. अगदी अंगासरसा बसला. त्या म्हणाल्या, "हे पहा, कसा बसून राहिला." बाई फ्रॉक घेऊन निघून गेली. तिसऱ्या वर्षी पाच जणी आल्या. पाचही कपडे मला घालून दाखवले. पाचही बसले. मी एका टेबलावर उभी राहून पाच वेळा खोटी साक्ष दिली आणि पाच खऱ्या बायका खोट्या ठरल्या. त्यातली एक जाताना म्हणाली, "मेरी ही गुड़िया में कुछ गड़बड़ होगी।" मला इतका संताप आला की डोक्याचा टाका सुटेल असं वाटलं.

घरी मंजिरीबाई दिवाकररावांना सांगत की आजकालच्या बाहुल्याच धड नसतात, कंपन्या प्लास्टिक वाचवतात. दिवाकरराव एकदा चहा पिता पिता म्हणाले की मग कपडे थोडे लहान शिवून पाहा. त्यावर मंजिरीबाईंनी मशीन थांबवली.

"अहो, मले शिकवून राहिले काय? पंचवीस वर्षांत एक ब्लाउज परत नाही आला माझा."

"ब्लाउज नाही आला. फ्रॉक येऊन राहिले ना," दिवाकरराव म्हणाले, आणि कप घेऊन अंगणात गेले.

चौथ्या वर्षी अक्तीच्या आधीचा मेळावा जवळ आला. अक्ती म्हणजे आपली अक्षय तृतीया. आमच्या छत्तीसगडात त्या दिवशी मुलं पुतरा-पुतरीचं, म्हणजे बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. कुणाची पुतरी मातीची असते, कुणाची दुकानातली. मांडव घालतात, वरात काढतात, गल्लीभर जेवण होतं. त्यामुळे या मेळाव्यात नवरीच्या कपड्यांना फार मागणी. मेळाव्याचं सगळं बघतात त्या कौमुदीताई एक दिवस घरी आल्या. पाणी प्यायल्या, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग खाली बघून म्हणाल्या की गेल्या वेळी तक्रारी फार झाल्या. या वेळीही कपडे परत आले, तर मंजिरीबाईंचं टेबल पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

त्या गेल्यावर मंजिरीबाई बराच वेळ भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी त्या शेजारच्या पोरीची बाहुली मागून आणतील. पण नाही. त्यांनी मला उचललं, पोट दाबलं आणि त्यांना वाटलं, चूक सापडली. मी मऊ आहे, टेप आत रुततो, म्हणून माप चुकतं. उशीची शिवण उसवून त्यांनी त्यातला कापूस काढला आणि मला अशी ठासून भरली की मी न धरताही उभी राहू लागले. मग एकदा नाही, तीन-तीनदा माप घेतलं. ज्याचं माप चुकलंय त्याचंच तीनदा घेतलं, तर चूक तिप्पट पक्की होते. पण हे त्यांना कोण सांगणार?

मेळाव्याचा पहिला दिवस छान गेला. कमरेशी शिवून तयार केलेली लाल-पिवळी नवरीची लुगडी भराभर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिता आली. दहा वर्षांची मुलगी, उन्हाने लाल झालेली. तिच्या हातात तिची बाहुली होती आणि आदल्या दिवशी इथूनच घेतलेलं लुगडं त्या बाहुलीच्या कमरेवर रबराने बांधलेलं होतं. अक्ती एक दिवसावर होती. गल्लीत मांडव पडला होता, दुसऱ्या गल्लीतून वरात येणार होती, आणि नवरीला उभं केलं की तिचं लुगडं खाली येत होतं. हे सगळं रुचिताने एका दमात सांगितलं.

कौमुदीताई समोरच्याच टेबलाशी उभ्या होत्या. त्या वळून बघू लागल्या. मंजिरीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी लुगडं सोडवलं आणि मला नेसवलं. ते मला चोख बसलं.

"हे बघ पोरी, बसलं की नाही? तुझी बाहुलीच वाळकी आहे."

रुचिताने माझ्याकडे नीट पाहिलं. चार वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आंटी, आपकी गुड़िया मोटी हो गई है।"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मंजिरीबाईंचा चेहरा लाल झाला. कापडाची बाहुली काय जेवते का, असं त्या म्हणणार होत्या. पण रुचिताने पिशवीतून एक पिवळा फ्रॉक काढून टेबलावर ठेवला. "ये भी आपका ही है। पहले साल लिया था। मेरी वाली को अभी भी आता है। अपनी वाली को पहनाके देखो।"

मंजिरीबाईंनी फ्रॉकचा घेर उलटा केला. आत लाल दोऱ्याची गाठ होती. नाकारायला जागा नव्हती. त्यांनी मला तो फ्रॉक घालायला घेतला. हात कसेबसे शिरले. पाठीमागे मात्र दोन बोटांची फट राहिली. त्यांनी दोन्ही बाजू धरून ओढल्या, आणि टिचबटण उडून शेजारी बसलेल्या दिवाकररावांच्या थर्मासवर आपटलं.

मंजिरीबाई माझ्या उघड्या पाठीकडे बघत होत्या. चार वेळा उसवून चार वेळा शिवलेली पाठ. त्या हळूच म्हणाल्या, "रजईचा कापूस."

मित्रांनो, या क्षणी त्यांना बरंच काही करता आलं असतं. फ्रॉक धुण्यात आटला असं म्हणता आलं असतं. मला पिशवीत लपवता आलं असतं. त्या खुर्चीवर बसल्या, छोटी कात्री घेतली आणि सगळ्यांसमोर माझी पाठ उसवली. आधी उशीचा कापूस निघाला. मग एकेका हिवाळ्याची एकेक मूठ. दिवाकरराव रुमाल धरून उभे होते. रुमाल भरला तेव्हा ते म्हणाले, "म्हणून मान दुखून राहिली होती माझी." मंजिरीबाईंचे ओठ जरा सैल झाले. पिवळ्या फ्रॉकची फट मिटली तेव्हा त्यांनी कापूस काढणं थांबवलं आणि माझी पाठ शिवली.

मग त्यांनी रुचिताची बाहुली मांडीवर घेतली आणि लुगडं तिच्याच अंगावर टाचायला सुरुवात केली. मान वर न करता त्या कौमुदीताईंना म्हणाल्या, "ताई, टेबल ज्याले द्यायचं त्याले द्या. चूक माझी आहे. पण हे लगीन आधी होऊ द्या. अन् काल ज्यांनी ज्यांनी लुगडी नेली, त्यांना माईकवर सांगा, आपापल्या बाहुल्या घेऊन या म्हणा. मी इथेच बसली आहे."

कौमुदीताई निघून गेल्या. थोड्या वेळाने माईकवर घोषणा झाली. मग त्या स्वतः चार खुर्च्या घेऊन आल्या आणि आमच्या टेबलापुढे ओळीने मांडल्या.

संध्याकाळपर्यंत त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. लांब, बुटक्या, एका हाताच्या, सगळ्या प्रकारच्या बाहुल्या आल्या. दोन मातीच्याही आल्या. मंजिरीबाईंनी एकेकीचं माप घेतलं. रुचिता निघाली तेव्हा त्यांनी पिवळा फ्रॉक तिच्यापुढे केला. तिने तो माझ्याकडे सरकवला. "आप रख लो, नाप के लिए। मेरी वाली की तो शादी है।"

त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. टेबल तिथेच आहे, खुर्च्याही. नवे साचे काढण्याआधी मंजिरीबाई पिवळा फ्रॉक मला घालून बघतात आणि पुन्हा शिवलेलं बटण लागलं तरच टेप हातात घेतात. या हिवाळ्यातही रजईवाला आला, मूठभर कापूस उरला. मंजिरीबाईंनी मूठ उचलली, माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटावर बनियनच्या सुरकुत्या पडल्या आहेत, त्या बघून त्यांचा जीव तुटला असावा. पण त्यांनी तो कापूस दिवाकररावांच्या उशीत घातला.

तर मित्रांनो, कुणावर माया करायची असेल तर जरूर करा, पण त्याला काय हवं आहे ते आधी बघा. एखाद्यासाठी काही शिवणार असाल, तर माप त्याचंच घ्या. आणि चारजण एकच तक्रार घेऊन आले, तर त्यांना खोटं ठरवण्याआधी, ज्या मापावर तुमचा भरवसा आहे, त्यालाच एकदा टेप लावून बघा. मापही फुगतं. त्याला स्वतःहून सांगता येत नाही.

आणि मेळाव्याला आलात, तर अस्तर बघायला माझा घागरा उचलू नका. मंजिरीबाईंना विचारा, त्या दाखवतील. माझी किंमत मात्र विचारू नका. आत्ताच एक गृहस्थ पाटीसमोर उभं राहून ती विचारत आहेत.