सुटल्याचा आवाज

ते शहाऐंशी साल. रोटाव्हेटर आमच्या भागात नवे नवे आले होते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्याला वाटायचं, हे एक यंत्र मागे जोडलं की माती आपोआप पीठ होते. तेल-ग्रीस घालायचं मात्र सगळ्यांच्याच जिवावर यायचं. हंगामभर यंत्र राबवायचं, मग उघड्यावर सोडून द्यायचं आणि गंजून जाम झालं की आमच्या दारात आणून टाकायचं.

आमचं वर्कशॉप घराच्या मागच्या अंगाला होतं. माझे यजमान आणि धाकटे दीर मिळून ते चालवत. यजमानांना सगळे मिस्त्रीच म्हणत. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट वर्कशॉपात उघडायची. त्यामुळे फोडणीच्या वासात डिझेलचा वास आणि डाळीच्या शिट्टीत हातोड्याचा ठोका, असा माझा संसार.

ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला पोचवणारा जो दांडा असतो, तो शाफ्ट. त्याच्या टोकाला आतून दाते असलेली एक जाड टोपी असते आणि ती यंत्राच्या गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दातेरी खुंटावर बसते. गंजली की टोपी आणि खुंट एकजीव होतात. अशा टोपीवर हातोडा मारला की भरीव आवाज येतो, सगळ्या यंत्राचा मिळून एक. गंजाची पकड सुटली की त्याच ठोक्याचे दोन आवाज होतात. दुसरा अगदी बारीक, मागून येणारा, तडा गेलेल्या मडक्यासारखा. तो आला की हातोडा तिथेच थांबवायचा आणि मग तेल सोडत, हलवत टोपी काढायची. तसंच मारत राहिलं तर सुटलेली टोपी तिरकी होऊन दात्यांवर चढते आणि गॅसने कापण्यावाचून इलाज राहत नाही.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता कानावर पडून मुरलं. तो दुसरा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची. दोघं हात पुसून बाकावर टेकेपर्यंत चहा हजर.

"वहिनी, खिडकीला डोळा लावून बसता का हो?" दीर विचारायचे.

"डोळा कशाला लावू? कान दिलेत की देवाने."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर असाच चहा घेऊन गेले, तर यजमान अजून ठोकतच होते. मी कप हातात धरून उभी राहिले. दीर दुसऱ्या टोकाला ग्राइंडर चालवत होते, त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. चहावर साय धरली तरी ठोकणं थांबेना. तो शाफ्ट शेवटी कापावा लागला. यजमान म्हणाले, "लोखंडच हलकं होतं." दिरांनी एकदा लोखंडाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या गार चहाकडे.

यजमानांना तो दुसरा आवाज ऐकूच आला नव्हता. मग मला मागच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. यजमान हल्ली कोणाच्याही बोलण्यावर 'बरोबर आहे' म्हणायचे आणि हसायचे. लोकांना वाटायचं, वयानं माणूस मऊ झालाय. मलाही तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं.

दोन-चार दिवसांनी दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. नखातलं काळं काढत म्हणाले, "वहिनी, दादाला आता पुढे काउंटरवर बसवू या. नट-बोल्ट विकू दे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारू दे."

"आणि हातोडा?"

"तो मी बघतो. अजून एक काम बिघडलं तर लोक आपल्याकडे कामं आणायची सोडतील. मग दोघंही काउंटरवर."

"भावजी, हातोडा काढून घेतलात तर ते काउंटरवर नाही बसणार. अंथरुणावर बसतील."

त्यांनी दुसऱ्या हाताची नखं कोरायला घेतली. मग म्हणाले, "ठीक. पण पुढचा बिघडला की मी काढून घेणार. वाईटपणा माझ्याकडे."

त्यानंतर जाम शाफ्टचं काम आलं की मी वर्कशॉपाच्या दारात, यजमानांच्या नजरेसमोर उभी राहू लागले. हातात कधी निवडायची भाजी, कधी घडी करायचे कपडे. तो बारीक आवाज आला की मी हात वर नेऊन केस सारखे करायची. यजमानांचा हातोडा थांबायचा. यावर आम्ही एका शब्दानेही बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलणं व्हायचं.

अशात तातडी आला. हा भाड्याने रोटाव्हेटर चालवणारा, देहाने दाराएवढा आणि स्वभावाने पायाखाली निखारा असल्यासारखा. म्हणून त्याचं नाव तातडी. शाफ्टचा जॉइंट खिळखिळा झाला होता, तो बदलायचा तर शाफ्ट काढायला हवा आणि शाफ्ट तर गिअरबॉक्सला चिकटलेला.

"मिस्त्री, तासाभरात द्या. चार शेतं खोळंबलीत."

"बरोबर आहे," यजमान म्हणाले आणि तारेचा ब्रश घेऊन शांतपणे माती खरवडत बसले. टोपीच्या अंगाला लॉकची पिन असते, ती चिखलाने बुजली होती. रॉकेलने धुऊन ती मोकळी केली. ती आत दाबून धरल्याशिवाय शाफ्ट हलतच नाही. मग तेल सोडलं. दीर म्हणाले, "थोडा गॅस मारून तापवू का?" यजमानांनी त्यांच्या ओठांकडे बघून नकाराची मान हलवली. आतलं रबरी सील जळलं असतं.

दीर पिन दाबून बसले. यजमानांनी टोपीला पितळी ठोकळा लावला आणि हातोडा उचलला. मी भाजीचं ताट घेऊन दारात आले, तर समोर तातडीची पाठ. तो नेमका आमच्या दोघांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभा होता. मी डावीकडे सरकले, तर तोही डावीकडे. उजवीकडे गेले, तर तोही उजवीकडे.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," मी म्हटलं.

"काळजी नको वहिनी, मी लक्ष ठेवून आहे!"

आणि तेवढ्यात तो आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. पाठोपाठ दुसरा ठोका पडला, त्यातही तो होताच. दिरांनी मान वर केली. त्यांनाही ऐकू आला होता, पण हात पिनवर अडकलेले. माझ्या लक्षात आलं, ते वाट बघताहेत, दादा थांबतो का.

"थांबा!" मी ओरडले.

तातडी दचकून बाजूला झाला. यजमानांचा हातोडा पुन्हा वर गेला होता. मी ताट टाकलं, धावले आणि त्यांचं मनगट धरलं.

ते माझ्यावर खेकसले असते तर निभावलं असतं. बाईमाणसाने कामात मध्ये येऊ नये, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि मी ते ऐकूनही घेतलं असतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग तातडीकडे. हातोडा खाली आणला.

"सुटला का गं?"

मी मान डोलावली.

"मला नाही ऐकू आला." मग भावाकडे वळून, गरजेपेक्षा मोठ्याने, "तो कापावा लागला, त्याचाही नव्हता आला. लोखंड चांगलं होतं ते."

तातडीने कमरेवरचे हात खाली घेतले. यजमानांनी हातोडा उलटा करून दांडा भावापुढे धरला.

दिरांनी तो घेतला नाही. डोळे पुसले की घाम पुसला, ते मला सांगता येणार नाही. "म्हणजे इतके दिवस ते केस..." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाटलं, वहिनींच्या डोक्यात उवा झाल्यात!"

तातडी खो खो हसत सुटला. यजमानांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग भावाच्या. "काय म्हणतोय हा?"

दीर त्यांच्या समोर आले, तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाले, "मी म्हणतोय, हातोडा तुझ्याकडेच राहू दे. तुझ्यासारखा सरळ ठोका मला या जन्मात जमायचा नाही. पण वहिनी आत उभ्या राहतील, दारात नाही. आणि थांब म्हटलं की थांबायचं. लपूनछपून काही नाही."

"गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"ते आता याच्या हातात आहे," दीर तातडीकडे बोट करून म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल."

"मी कशाला कोणाला सांगतोय?" तातडी म्हणाला. त्याने सगळ्यांना सांगितलं.

मग दोघा भावांनी पहार लावून टोपी हलवायला घेतली. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा तेल. विटकरी रंगाचं तेल खुंटावरून ओघळत होतं आणि त्याखाली दाते चकचकीत, कोरे. शेवटी टोपी अशी अचानक निघाली की दीर शाफ्टसकट मागे बसले, तेही माझ्या सांडलेल्या भाजीवर.

काही गिऱ्हाइकं तुटली. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण जाणार, असं म्हणणारे निघालेच. बरेचसे वर्षभरात परत आले, काही आले नाहीत.

तातडीने पुढे रोटाव्हेटर विकला, टेम्पो घेतला, तोही विकला. आमच्या सगळ्यांच्या आधी गेला, ते त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. दिरांचे गुडघे गेले तेव्हा वर्कशॉप बंद केलं. आता ते मुलाकडे असतात. आठवड्यातून एकदा फोन करतात आणि सवयीने इतक्या मोठ्याने बोलतात की फोन हातभर लांब धरावा लागतो. यजमानांना मुलीने कानाचं मशीन आणून दिलं होतं. वर्कशॉपात ते त्यांना सोसायचं नाही, पण संध्याकाळी लावून बसायचे आणि म्हणायचे, "तू एवढं बोलतेस, हे मला माहीतच नव्हतं." दोन हजार नऊ साली ते झोपेतच गेले.

मी त्या दिवसापासून वर्कशॉप बंद होईपर्यंत आत उभी राहिले. दिरांनी माझ्यासाठी एक स्टूल वेल्डिंग करून दिलं होतं, पण बसून ऐकलेलं मला कधी खात्रीचं वाटलं नाही.