हरिपूरचं पेव

लढाईचं पाचवं वर्ष होतं. सांगलीच्या पेठेत धन्यकुमार हळदीची अडत चालवीत असे. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या वतीनं विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची, हा त्याच्या वडिलांपासूनचा धंदा. आष्ट्याच्या सुलाबाईची चाळीस पोती हळद त्यानंच हरिपूरच्या पेवात, नदीकाठच्या खोल, अरुंद तोंडाच्या खड्ड्यात, ठेवून दिली होती. मुलगा ज्योतिबा पलटणीतून परतला की ती विकायची आणि मळ्यात विहीर पाडायची, एवढंच तिचं ठरलेलं होतं.

भाव चढणार असल्याचं मुंबईहून पत्र आलं, त्याच दिवशी धन्यकुमारनं तिला बोलावून घेतलं.

"पेवाला ओल लागलीय, बाई. आठवडाभर थांबलात तर माल सडेल."

"तुमी म्हनताय तर इका, आण्णा. मला त्यातलं काय कळतंय?"

मेहुण्याच्या नावानं ती हळद त्यानं स्वतःच घेतली. पैसे घेऊन निघताना ती पाया पडली, तेव्हा त्यानं पाय मागे घेतले नाहीत.

दहा दिवसांनी पेव उघडलं. आत वारं खेळू दिल्यावर हमाल नाथाजी दोराला धरून उतरला आणि पाट्या वर येऊ लागल्या. माल खणखणीत होता. दुपारपर्यंत चाळीस पोती भरून शिवून झाली.

"अजून हाय, आण्णा," खालून आवाज आला.

कुणाचा तरी जुना माल तळाशी राहिला असेल, असं वाटून धन्यकुमार मनातल्या मनात हसला आणि त्यानं नवी पोती मागवली. संध्याकाळी साठ झाली. दुसऱ्या दिवशी शंभराच्या वर गेली. नाथाजीला विचारलं तर तो एवढंच सांगे, "सकाळी गुडघ्याएवढी हुती, आताबी गुडघ्याएवढीच हाय." तिसऱ्या दिवशी धन्यकुमारला त्याचा आनंद होईना. डोळे मिटले तरी पिवळं दिसे, घास कडू लागे. भाव चढला होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं, पण त्यातलं एक पोतंही विकायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यानं सुलाबाईला आणवलं आणि ओलीचं, मेहुण्याचं, सगळं सांगून टाकलं. पेवाच्या तोंडाशी बसून तिनं बराच वेळ आत पाहिलं.

"माझी चाळीस हुती," ती म्हणाली. "तेवढी द्या माघारी, आन् तुमचं पैसं घ्या."

"सगळंच न्या, बाई. मला नको."

"बाकीचं माझं न्हवं, आण्णा. तुमचं हाय. तुमीच काढा."

चार गाड्या भरून ती आष्ट्याच्या वाटेला लागली. हमालांनी मजुरीसुद्धा मागितली नाही. ते चिंचेखाली जाऊन बसले. नाथाजीही त्यांच्यातच होता, पिवळ्या हातांनी तंबाखू मळत. धन्यकुमार पेवाच्या तोंडावर फरशी सरकवायला वाकला, तेवढ्यात आत सोडलेला दोर हलला. पाटी भरल्यावर खालून देतात तसे दोन हलके हिसके बसले.

तो क्षणभर चिंचेकडे पाहत राहिला. मग धोतर खोचून त्यानं दोर ओढायला घेतला.